आबासाहेब, एसटी आणि १९२ मतं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) माजी आमदार भाई गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबासाहेब, यांच्यावर एक पान आलं होतं, अकरा वेळा आमदार, साधी राहणी, एसटीचा प्रवास वगैरे. त्यावर आलेल्या मेसेजनी मोबाईल भरलाय नुसता. काही जण खूश, काही जण चिडलेले, एक ताई तर जामच चिडलेल्या आणि खरं सांगायचं तर त्यांचाच प्रश्न सगळ्यात भारी आहे, म्हणून जागा पण त्यालाच जास्त दिलीये. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: काका, मी एमपीएससी करतो. आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय, गणपतराव देशमुख ५५ वर्षं सलग आमदार होते आणि देशात इतक्या वेळा कुणीच निवडून आलं नाही म्हणून. परीक्षेत आलं तर लिहू का? (जुळे सोलापूर)

उत्तर: लिहू नको बाळा, मार्क जातील.

अकरा वेळा हे शंभर टक्के खरं, आणि अकराही वेळा सांगोल्यातूनच. पण सलग नाही. १९६२ ला पहिल्यांदा, मग १९६७. १९७२ ला पडले, काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी पाडलं. पुढं काकासाहेबांचं निधन झालं, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला परत पडले, त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे. मग १९९९, २००४, २००९ आणि शेवटची २०१४, तेव्हा ९४ हजारांच्या पुढं मतं घेतली होती आणि वय ऐंशीच्या बरंच पुढं गेलेलं. मोजून बघ, अकरा भरतात. आता वर्षं मोज. ६२ ते ७२ दहा, ७४ ते ९५ एकवीस, ९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न झाली. ५४, ५५ हे आकडे सगळीकडं छापून येतात कारण लोक पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष धरतात आणि मधली वजाबाकी करत नाहीत.

देशाचं म्हणशील तर तमिळनाडूचे करुणानिधी १९५७ ते २०१६ मध्ये तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पडले नाहीत, फक्त त्यांनी मतदारसंघ बरेच बदलले, कुलितलै, तंजावर, सैदापेट, अण्णानगर, चेपॉक, तिरुवारूर असं फिरत. एकाच जागेवरून म्हणशील तर केरळचे के. एम. मणी, पाला मतदारसंघ, तेरा वेळा. त्यातली १९६५ ची निवडणूक झाली पण विधानसभा बसलीच नाही, ती सोडली तरी बारा होतात. म्हणजे महाराष्ट्रात आबासाहेबांच्या जवळपास कुणी नाही, पण देशात पहिला नंबर म्हणायला जागा नाही. आणि मला विचारशील तर त्यानं त्यांचं काही कमी होत नाही, उगाच फुगवून सांगायची गरजच काय.

प्रश्न: मी सांगोला तालुक्यातली आहे, लग्न होऊन सोलापुरात आले. लहानपणी आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळलोय. पन्नास वर्षं एकच आमदार आणि पन्नास वर्षं टँकर, मग कौतुक कशाचं करता हो तुम्ही? साधेपणा काय प्यायचा का? (होटगी रोड)

उत्तर: ताई, हा प्रश्न त्यांच्या हयातीत विरोधकांनी प्रत्येक निवडणुकीत विचारला आणि विचारायलाच पाहिजे होता. नीट उत्तर द्यायचं तर जरा मागं जावं लागतंय, चहा ठेवा.

सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका, वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस आणि तोही लहरी. माण नदी आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच असते. नीरा उजवा कालवा आहे, पण सांगोला त्याच्या टोकाला, फलटण, माळशिरस, पंढरपूर पिऊन झालं की जे उरेल ते. कालव्याच्या टोकाला शेत असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कागदावर त्याची पाळी असते आणि चारीत नसते. उजनी आपल्याच जिल्ह्यात, पण सांगोला उंचावर, तिथं पाणी आपोआप वाहत जात नाही, उचलूनच न्यावं लागतं. म्हणजे काहीही करा, सांगोल्याला पाणी द्यायचं म्हणजे दुसऱ्या खोऱ्यातून किंवा खालून पंपानं वर चढवायचं. हे एका आमदाराच्या निधीतनं होणारं काम नाही, हे राज्याच्या तिजोरीचं काम आहे.

आता दुसरी गोष्ट. कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटायला बच्छावत लवाद होता, त्याचा निवाडा १९७३ ला आला, १९७६ ला पक्का झाला, महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) मिळालं आणि २००० सालानंतर त्याचा फेरविचार होऊ शकतो असं ठरलं. मिळालं खरं, पण अडवायला धरणं आणि उचलायला योजना पाहिजेत ना, आणि सरकारं कुणाची होती, तर ज्यांचा ऊस नदीकाठी होता त्यांची. दुष्काळी पट्ट्याची ओरड ऐकायला कुणाला घाई नव्हती. १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली, त्यात गणपतराव पहिल्यापासून, भारत पाटणकर वगैरे मंडळी पण. मागणी अशी की कृष्णेचं पाणी या तालुक्यांना द्या आणि समान द्या, ज्याच्याकडं जास्त जमीन त्याला जास्त असं नको. ही मागणी ऐकायला साधी वाटते पण साखर कारखान्याच्या राजकारणात ती फार अवघड जागी टोचत होती.

आणि आता खरी मजा बघा, मजा म्हणजे नशिबाची थट्टाच. १९९५ ला युतीचं सरकार आलं, अपक्षांच्या टेकूवर. २००० च्या आत पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल ही भीती होती, म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला आणि टेंभू उपसा योजनेचं काम याच काळात मार्गी लागलं. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. ज्या साडेचार वर्षांत हे ठरत होतं बरोबर त्याच साडेचार वर्षांत गणपतराव घरी होते, १९२ मतांनी पडलेले. ज्या माणसानं तीस वर्षं पाणी पाणी केलं तो सभागृहात नसताना पाण्याची फाइल हलली. काही लोक यावरून म्हणतात की बघा, त्यांच्याशिवाय झालं. मला उलटं वाटतं. आटपाडीचं रान पेटलेलं नसतं तर महामंडळाच्या यादीत दुष्काळी तालुके इतक्या वर नसते आले. पण ताई, हेही मान्य करायला पाहिजे की सत्तेत नसलेल्या पक्षाला पन्नास वर्षं निवडून देण्याची किंमत सांगोल्यानं मोजलीये. ती किंमत घागरीनं मोजलीये, तुम्ही म्हणताय ते बरोबरच आहे.

मंजुरी म्हणजे पाणी नव्हे हेही आलंच. कामं रखडली, पैसे संपले, परत सुरू झाली. सांगोल्याच्या शिवारात टेंभूचं आणि म्हैसाळ या दुसऱ्या उपसा योजनेचं पाणी दिसायला मंजुरीनंतर पंधरा-वीस वर्षं गेली. त्यात उपसा योजनेचं दुखणं असं की पाणी आलं तरी वीजबिल कोण भरणार, बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की परत मोर्चा. शेवटी सरकारनं ८१ टक्के आणि शेतकऱ्यानं १९ टक्के असं बिलाचं वाटप ठरलं तेव्हा कुठं जरा सुरळीत झालं. या सगळ्याचा पाठपुरावा शेवटच्या टर्मपर्यंत हा म्हातारा माणूस करत होता, अधिवेशनात उभं राहून. म्हणून कौतुक.

एक गोष्ट मात्र पाण्याची वाट न बघता झाली, ती डाळिंबाची. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली, खड्ड्यापासून रोपापर्यंत सरकारी मदत. सांगोल्यानं ती अशी उचलली की माळरानं लाल झाली. कमी पाण्यावर ठिबक लावून डाळिंब, पुढं तेल्या रोगानं बागांचं वाटोळं पण केलं, तरी २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पार बंगालमध्ये शालिमारला. याचं सगळं श्रेय एका आमदाराला देऊ नका, शेतकऱ्यांनी स्वतः घाम गाळलाय. पण रोजगार हमी (रोहयो) हा आबासाहेबांचा जिव्हाळ्याचा विषय होता आणि पुढं ते त्याच खात्याचे मंत्री झाले, इतकं लक्षात ठेवा.

प्रश्न: मंत्री कधी होते? आम्हाला तर कायम विरोधी बाकावरच असल्याचं माहिती. (सात रस्ता)

उत्तर: दोनदा. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. नंतर १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात, पणन आणि रोजगार हमी. २००२ ला रायगडच्या राजकारणावरून शेकापनं पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. म्हणजे दोन्ही मिळून चार-साडेचार वर्षं, एक्कावन्नपैकी. त्याच्या आधी १९७७-७८ मध्ये काही महिने ते विरोधी पक्षनेते पण होते.

प्रश्न: विरोधी आमदार, त्यातही चार-पाच आमदारांच्या पक्षाचा. अशा माणसाला विधानसभेत करता काय येतं? नुसतं ओरडणं आणि वॉकआउट? आजकाल तर टीव्हीवर तेवढंच दिसतं. (कॉलेजमध्ये राज्यशास्त्र शिकवणारा एक वाचक)

उत्तर: सर, तुम्हाला मी काय सांगायचं, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमदाराच्या हातात सगळ्यात धारदार वस्तू म्हणजे तारांकित प्रश्न. काही आठवडे आधी लेखी द्यायचा, मग तो मंत्रालयात संबंधित खात्याकडं जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, आणि एखाद्या इंजिनिअरला किंवा तहसीलदाराला बसून खरी माहिती लिहून वर पाठवावी लागते. मंत्री ती सभागृहात वाचतो, त्यावर उपप्रश्न येतात. म्हणजे जी फाइल सहा महिने धूळ खात पडलेली असते ती प्रश्नामुळं टेबलावर येते. पण त्यासाठी प्रश्न नेमका पाहिजे. "तालुक्यात पाणीटंचाई आहे हे खरे आहे काय" असा ढोबळ विचारला की "हे खरे नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय संपला. कुठल्या गावचा पाझर तलाव, कुठल्या साली मंजूर, किती पैसे खर्च, मजुरी किती आठवडे थकली असं विचारलं की पळवाट राहत नाही.

मग नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष ओढणं, अर्ध्या तासाची चर्चा, बजेटमधल्या कपात सूचना, म्हणजे खात्याच्या खर्चाला कात्री लावायची मागणी करून त्यावर बोलणं, नियम २९३ खालची सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरची चर्चा. ही सगळी हत्यारं छोट्या पक्षाच्या आमदाराला पण तेवढीच मिळतात, फक्त घरचा अभ्यास लागतो आणि सभागृहात शेवटपर्यंत बसावं लागतं. गणपतराव बसायचे. वकील माणूस, कायद्याचं कलम, नियमाचं पुस्तक तोंडपाठ, आवाज न चढवता बोलायचे आणि सत्ताधारी पण ऐकायचे. शेकापमध्ये ही परंपराच होती, कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, दत्ता पाटील, एन. डी. पाटील, सगळे तसलेच, आकडे घेऊन उभे राहणारे. माझं स्वतःचं मत विचाराल तर आबासाहेबांची खरी कमाई ही आहे, एसटी नाही. एसटीनं फिरणं उद्या कुणी पण करेल, फोटोग्राफर घेऊन करेल, पण रोहयोच्या मजुरीवर कपात सूचना लिहायला बसणारे आता किती राहिलेत ते बघा.

प्रश्न: एसटीनं खरंच जायचे का? (नवी पेठ)

उत्तर: जायचे की. सांगोल्यात, सोलापुरात बघितलेले कितीतरी लोक आहेत. आमदाराला एसटी फुकट असते, आमदारांसाठी राखीव म्हणून सीटवर लिहिलेलं पण असतं, फक्त त्या सीटवर आमदार बसलेला बघायला मिळत नाही इतकंच. पुढचा प्रश्न.

प्रश्न: माझे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. सांगोल्यात कापूस पिकत नाही, मग सूतगिरणी तिथं कशी काय? आणि बाकी सूतगिरण्या बुडाल्या, ती कशी टिकली म्हणतात? (अशोक चौक)

उत्तर: तुम्ही धंद्यातले, तुम्हाला माहितीये सहकारी सूतगिरणी म्हणजे काय प्रकार असतो ते. सरकारचं भागभांडवल, बँकेचं कर्ज, संचालक मंडळावर आपली माणसं, कापूस खरेदीत एकदा हात मारायचा, कामगार भरतीत एकदा, आणि पाच-सात वर्षांत गिरणी आजारी म्हणून जाहीर. राज्यात अशा कितीतरी पडीक शेड आहेत, गवत वाढलेल्या.

सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी कापूस पिकतो म्हणून काढली नव्हती, हाताला काम नव्हतं म्हणून काढली. दुष्काळी तालुक्यात एक तर खडी फोडा, नाहीतर ऊसतोडीला जा, नाहीतर मुंबई. तेव्हा शिफ्टवर पगार मिळेल असं काहीतरी तालुक्यातच पाहिजे होतं. कापूस बाहेरून आणायचा म्हणजे वाहतुकीचा बोजा पहिल्या दिवसापासून डोक्यावर, अशा ठिकाणी चोरी आणि उधळपट्टी परवडतच नाही, एक रुपया इकडं तिकडं गेला तरी दिसतो. आणि गिरणी राखणारा माणूस गाडी-बंगला न घेणारा असला की खालच्यांची पण हिंमत होत नाही. साधेपणाचा उपयोग झाला असेल तर तो इथं झाला. पुढं महिलांची वेगळी सूतगिरणी पण निघाली. सुताचे भाव पडतात तेव्हा झळ त्यांना पण बसते, जादू काही नाही, पण ती गिरणी चालली. २०२१ च्या जुलैच्या शेवटी आबासाहेब सोलापुरात गेले तेव्हा अंत्यसंस्कार सूतगिरणीच्या आवारात झाले, त्यावरनंच काय ते समजा.

प्रश्न: ज्या माणसानं त्यांना १९२ मतांनी पाडलं तेच ते काय झाडी काय डोंगारवाले का? माझी आणि मित्राची पैज लागलीये, शंभर रुपये. (बाळे)

उत्तर: ज्यानं हो म्हटलंय त्याला शंभर रुपये द्या. शहाजीबापू पाटील. १९९५ ला काँग्रेसकडून उभे राहून बापूंनी गणपतरावांना १९२ मतांनी पाडलं. नंतर १९९९ पासून बापू उभे राहायचे आणि आबासाहेब निवडून यायचे, असं चाललं बरीच वर्षं. २०१९ ला आबासाहेबांनी वय झालं म्हणून थांबायचं ठरवलं, पक्षातून आधी दुसरं नाव पुढं आलं, पण कार्यकर्त्यांनी हट्ट धरला की घरातलंच पाहिजे, मग नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. बापू आता शिवसेनेत. आणि निकाल काय, तर बापू ७६८ मतांनी निवडून आले. दोन विजय, दोन्ही मिळून हजाराच्या आत मतं! मग २०२२ ला गुवाहाटीहून तो फोन आला आणि बापू महाराष्ट्रभर गाजले, आमच्या सोलापुरी कानाला त्यात वेगळं काही वाटलं नाही, तिकडं असंच बोलतात. २०२४ ला शेकापकडून दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, बापू पडले.

यावर अजून दोघांनी विचारलंय की मग ही घराणेशाही नाही का. आहे. आजोबांनी स्वतः पोरांना पुढं केलं नव्हतं, हे खरं, पण पक्षानं पन्नास वर्षांत दुसरा माणूस तयार केला नाही, हे पण तितकंच खरं. एक माणूस इतका मोठा झाला की त्याच्या सावलीत दुसरं काही उगवलं नाही, आणि शेवटी मतं मागायला आडनावच लागलं. लाल बावट्याच्या पक्षात हे व्हायला नको होतं असं मला तरी वाटतं. तालुक्यातल्या शेकापवाल्यांना हे वाचून राग येईल, येऊ दे.

प्रश्न: सगळे गणपतराव गणपतराव करतात. आमच्या आडम मास्तरांनी काय कमी केलं? माझी आई विड्या वळायची, आज आम्ही स्वतःच्या घरात राहतो. त्यांच्यावर पान कधी? (कुंभारी)

उत्तर: पान नक्की देऊ, पण आता थोडक्यात. नरसय्या आडम, माकप, सोलापूर शहरातून तीनदा आमदार, १९७८, १९९५ आणि २००४. म्हणजे तीन वेगवेगळ्या दशकांत, मध्ये मध्ये पडत. कामगाराच्या गल्लीतलं राजकारण असंच असतं, गिरण्या बंद पडल्या, कामगार विडी आणि यंत्रमागाकडं गेला, पोरं पुण्याला गेली, मतदार हातातून निसटत जातो. तुमचं कुंभारीचं गोदूताई परुळेकर वसाहतीचं काम, विडी कामगार बायकांची दहा हजार घरं, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. मग रे नगर, तीस हजार घरांचा घाट, त्यातली पहिली पंधरा हजार २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींच्या हातून मिळाली. मधल्या काळात मोदींची तारीफ केली म्हणून मास्तरांना त्यांच्याच पक्षानं २०१९ ला केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं होतं, आठवतंय ना.

आणि इथं एक गंमत बघा. घरांचं बरंचसं काम मास्तरांनी आमदार नसताना केलंय. २००९ पासून ते शहर मध्यमधून उभे राहत आले आणि पडत आले, तरी दिल्ली-मुंबईच्या चकरा चालूच. गणपतरावांचं सगळं राजकारण सभागृहातून चालायचं, मास्तरांचं मोर्चातून आणि मंत्रालयाच्या पायऱ्यांवरून. दोघांची गाठ एकाच पानात मारू नका, तुलना होत नाही. पण माजी आमदार या शब्दाला काही अर्थ असतो, हे बघायचं तर कुंभारीला जाऊन बघा, असं मी पाहुण्यांना सांगत असतो.

प्रश्न: माजी आमदारांना पेन्शन किती मिळते? एक टर्म केली तरी आयुष्यभर मिळते हे खरं का? आम्ही इतकी वर्षं नोकरी करून नव्या पेन्शन योजनेवर (एनपीएस) लटकलोय. (शिक्षक, बार्शी)

उत्तर: खरं आहे सर. महाराष्ट्रात २०१६ च्या दुरुस्तीनंतर एका टर्मला महिना ५० हजार, आणि पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं तितके दोन-दोन हजार जास्त. दोन टर्म पूर्ण केलेल्याला ६० हजार धरा. वर एसटी फुकट, रेल्वेची सवलत, दवाखान्याचा खर्च. ते विधेयक आलं तेव्हा सभागृहात किती वेळ चर्चा झाली ते विचारू नका, डोळा मिटून उघडेपर्यंत मंजूर. शेतीमालाच्या भावावर इतकी एकी कधी दिसली तर आम्हाला पण कळवा. तुमच्या जुन्या पेन्शनचा विषय वेगळा आहे, पुढच्या अंकात घेतो, त्यावर आधीच बरेच मेसेज पडलेत.

प्रश्न: मला एम.ए.ला गणपतराव देशमुखांवर प्रोजेक्ट करायचाय. नेटवर सगळीकडं तेच तेच आहे. कुठून सुरुवात करू? (विद्यार्थिनी, विजापूर रोड)

उत्तर: नेट बंद करून सुरुवात कर, म्हणजे एक वेबसाइट सोडून. विधिमंडळाच्या वेबसाइटवर सभागृहाची जुनी कार्यवाही आहे, शब्दन् शब्द छापलेली. त्यात ७२ चा दुष्काळ संपल्यानंतरची अधिवेशनं काढ, आबासाहेब १९७४ ला पोटनिवडणुकीतून आले तेव्हापासून. राज्यात रोजगार हमीचं काम तेव्हा चालू होतं, कायदा १९७७ चा आणि लागू झाला १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून, म्हणजे पुलोदमध्ये ते मंत्री असताना. ही पाच वर्षं नीट वाचलीस तरी प्रोजेक्ट निम्मा झाला. वाचायला कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो, पण दहा पानं झाली की गोडी लागते, कोण अभ्यास करून आलंय आणि कोण हवेत बोलतंय लगेच कळतं.

मग हिराचंद नेमचंद वाचनालयात जा आणि जुन्या वर्तमानपत्रांचं विचार, १९९५ च्या निकालाच्या आसपासचे अंक मिळतात का बघ. १९२ मतं का कमी पडली याचं उत्तर अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंस तर दर गावात वेगळं कारण निघेल, कुणी जातीचं गणित सांगेल, कुणी पाण्याचं, कुणी आपल्याच पक्षातल्या कुणाचं तरी नाव घेईल. सगळं लिहून घे, रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचार, आणि सांगोल्याला जाणार असशील तर जनावरांच्या बाजाराच्या दिवशी जा, सगळ्या गावांची माणसं एका ठिकाणी भेटतात आणि एसटीच्या भाड्यात काम होतं.